पायाचा अंगठा अचानक बधिर: तुमचे अनुभव लिहा

काल बारशाला दीड तास मांडी घालून बसले, उठले तर डाव्या अंगठ्याला काही कळेना, चप्पल घातलीय की नाही तेही खाली बघून कळलं. दहा मिनिटांनी मुंग्या येऊन सुटला, पण आई आठवली. तिच्या अंगठ्यावर उकळतं दूध सांडलेलं आणि तिला पत्ताच नाही, रात्री मी फोड बघितला. शुगर 300 च्या वर निघाली, तोवर मधुमेह आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

चहाबाज: माझं कमरेतून आलं होतं. 20 लिटरचा जार वाकून उचलला, कट्ट वाजलं, दुसऱ्या दिवशी अंगठा गायब. डॉक्टरांनी टाचांवर चालायला लावलं, उजवा पाय फटफट आपटायला लागला. एमआरआयमधे मणक्यातली गादी सरकलेली, एल फाइव्हची (कमरेच्या पाचव्या मणक्याजवळची) नस दबली. अंगठा असेल तर बहुतेक एल फाइव्ह, करंगळी असेल तर एस वन, म्हणजे तिच्या खालची नस, हे तेव्हा पाठ झालं 😅 तीन महिने फिजिओ, ऑपरेशन टळलं. जार आता मुलगा उचलतो

सातारकरीण: जोडवी!! सातव्या महिन्यात पाय सुजले आणि शेजारचं बोट निळं, बधिर. सासूबाई म्हणे जोडवी काढायची नसतात. शेवटी त्यांनीच दोरा गुंडाळून काढली

नुसती_वाचक: विषय थोडा वेगळा, पण लेक दोन महिन्यांची असताना तासभर रडत होती, पोट दुखतंय म्हणून हिंग लावला. मोजा काढला तर बोट लालभडक, माझाच केस गुंडाळलेला. बाळंतपणानंतर केस गळतात ना, मोजे उलटे करून बघत जा बायांनो

सोलापुरी: दोन्ही पायांना मुंग्या, सगळे म्हणाले शुगरमुळेच. 8 वर्षं शुगरची गोळी मेटफॉर्मिन घेतोय, त्याने बी12 जीवनसत्त्व कमी होतं हे कुणी बोललंच नाही. आमच्याकडे अंडंही चालत नाही. बी12 130 निघालं. इंजेक्शनं घेतली, बराच फरक आहे

चहाबाज: @सोलापुरी शेंगाचटणी पाठवा मग बोलू

दुपारची_पाळी: चेष्टा नाही करत, पण पाय गार लागतोय का ते आधी बघा. बाबांचा अंगठा बधिर झाला, पाय पांढराफटक, पोटरी ठणकत होती, आम्ही पाच तास तेल चोळत बसलो. रक्ताची गुठळी होती. पाय वाचला, अंगठा नाही.

पायरीवरची (धागाकर्ती): बापरे @दुपारची_पाळी. माझा पाय गरम आहे, आत्ताच हात लावून बघितला. उद्या उपाशीपोटी शुगर आणि बी12 दोन्ही करून घेते.
@सातारकरीण दोरा कसा गुंडाळला ते लिही ना, माझीही रुतायला लागलीत

सातारकरीण: दोऱ्याचं टोक सुईने जोडव्याखालून घोट्याकडे काढायचं, उरलेला दोरा जोडव्यापासून नखाकडे घट्ट वेढे देत जायचा, मग ते घोट्याकडचं टोक धरून नखाच्या दिशेने ओढत उलगडायचं, एकेक वेढा सुटला की जोडवं पुढे सरकतं. थांब, कुकर झाला, येते