ऑल्सो नेमकं कुठे लावायचं? (तातडीचं आहे)

घाईत_आहे: साहेबांनी माझ्या मेलमधल्या ऑल्सोभोवती लाल गोल काढून परत पाठवलाय. कारण काही लिहिलं नाही. अर्ध्या तासात दुरुस्त करून द्यायचंय. व्याकरणाचा तास नको, फक्त जागा सांगा.

शेंडेफळ: वाक्य?

जुना_मास्तर: मुख्य क्रियापदाच्या आधी. 'शी ऑल्सो राइट्स.' ॲम, इज, आर असेल तर त्यानंतर, 'शी इज ऑल्सो अ रायटर.' सहायक क्रियापद असेल तर दोघांच्या मध्ये, 'शी हॅज ऑल्सो रिटन.' 30 वर्षं हेच शिकवलं.

घाईत_आहे: क्रियापदाच्या आधीच आहे हो! तरी गोल.

टू_वाला: ऑल्सो काढा आणि शेवटी टू लावून मोकळे व्हा. मी कायम तेच करतो, आजवर काही अडलं नाही.

जुना_मास्तर: औपचारिक पत्रात सारखं टू टू? वाचणाऱ्याला कसं वाटेल?

टू_वाला: कळतं ना त्याला? मग झालं.

शेंडेफळ: मूळ घोळ मराठीतून येतो. आपला 'ही' हव्या त्या शब्दाला चिकटतो. 'मीही पत्र लिहिलं' वेगळं, 'मी पत्रही लिहिलं' वेगळं. इंग्रजीत दोन्हीकडे 'आय ऑल्सो रोट अ लेटर'. बोलताना आवाजाच्या जोरावरून कळतं, लिहिताना मागच्या वाक्यावरून. म्हणून तर वाक्य मागतोय!

वाटसरू: बिसाइड आणि बिसाइड्समध्येही गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ शेजारी, दुसऱ्याचा शिवाय.

घाईत_आहे: हे कोणी विचारलं? घ्या वाक्य: 'आय ऑल्सो डिडन्ट रिसीव्ह द फाइल.' त्याआधी सहकाऱ्याने त्याला फाइल मिळाली नसल्याचं कळवलं होतं.

शेंडेफळ: अहो, वाक्य नकारार्थी आहे हे आधी सांगायचं ना! 'मलाही नाही' म्हणायचं तर ऑल्सो नको. 'आय डिडन्ट रिसीव्ह द फाइल आयदर.' तुम्ही लिहिलंय त्यातून 'बाकीचं राहिलंच, वर फाइलही मिळाली नाही' असा सूर निघतो.

जुना_मास्तर: बरोबर. आणि टूवाल्यांचा टूसुद्धा इथे गळपटला.

टू_वाला: नकाराचं मला कुठे सांगितलं होतं?

वाटसरू: आयदर नाही, ईदर.

जुना_मास्तर: दोन्ही उच्चार चालतात.

वाटसरू: आमच्या बाईंनी ईदरच शिकवलं होतं.

घाईत_आहे: मला तो लिहून पाठवायचाय, वाचून नाही दाखवायचा. पाठवला. आभार.