ऑक्टोबरात ड्राइव्हवे? मिनेसोटाकरांनो, जरा थांबा

थंडोबा (मिनिआपोलिस): गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, 'हल्ली केमिकलं मिळतात, काँक्रीटला मुहूर्त लागत नाही. ऑक्टोबरात टाका, ठेकेदार रिकामे असतात, स्वस्तात पडतं.' स्वस्तात पडलेला ड्राइव्हवे माझ्या दारात आहे, बघायला या! २२ ऑक्टोबरला माल पडला. दुपारी छान ऊन, रात्री पारा शून्याखाली. ठेकेदाराने ऊब धरायला वर घातलेली ब्लँकेटं तिसऱ्या दिवशी उचलून नेली, दुसऱ्या साइटवर हवी होती म्हणे. काँक्रीट कोवळं असताना, म्हणजे साधारण ५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ताकद यायच्या आत गोठलं, तर आतलं पाणी ९ टक्के फुगतं आणि गेलेली ताकद परत येत नाही. माझं त्यातून वाचलं, पण मिठाने मारलं. वाळायला महिनाही न मिळालेल्या काँक्रीटवर अख्खा हिवाळा, रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचं पाणी गाडीखालून ठिबकलं. मार्चमध्ये रुपयाएवढे पापुद्रे सुटले, आता खाली खडी दिसते. पहिल्या गोठणाऱ्या रात्रीपासून महिनाभर उलटं मोजा. इथे सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, पुढे नाही.

गवंडीबुवा: ते मीच लिहिलं होतं. ब्लँकेटं ठेकेदाराने पळवली आणि शिव्या ऑक्टोबरला? सहा टक्के हवा धरलेला माल, म्हणजे गोठणाऱ्या पाण्याला फुगायला जागा देणारे बारीक बुडबुडे असलेला, मागवला होतात का? मिक्सरच्या गाडीची चिठ्ठी काढून बघा. माझ्या गॅरेजचा कोबा नोव्हेंबरातला आहे, आठ वर्षांत ओरखडा नाही.

थंडोबा: गॅरेजला छप्पर असतं, बुवा.

खडकीचा सॅपर (निवृत्त लष्करी इंजिनीअर): लेहला, ३,५०० मीटरवर, आम्ही काँक्रीट मे ते सप्टेंबरच करायचो. एकदा डिसेंबरात पंपाचा पाया भरणं भाग पडलं. पाणी तापवलं, खडी तापवली. गरम पाणी आधी खडी-वाळूत, सिमेंट शेवटी, नाहीतर माल मिक्सरमध्येच बसतो. वर ताडपत्रीचा तंबू, आत बुखारी (ऊब देणारी शेगडी), धुराडं मात्र बाहेर काढलं नाही. चुकलं ते तिथे. धुरातल्या कार्बन डायऑक्साइडने वरचा थर कच्चा राहिला, सकाळी बोट फिरवलं तर पीठ! आणि जुलैही काही देव नाही. तिथल्या कोरड्या वाऱ्यात भर दुपारी टाकलेल्या स्लॅबला संध्याकाळपर्यंत भेगा. महिन्याबरोबर तासही बघा.

एडमंटनची सून: आमच्याकडे सप्टेंबरअखेर ओटा टाकला, तेव्हा सासरे पुण्याहून आलेले. गोणपाट मिळेना म्हणून माझ्या चादरी अंथरल्या, कडेने वाळूची आळी केली, दिवसातून तीनदा नळी. चौथ्या रात्री गोठलं. सकाळी फुलाफुलांची चादर ओट्याला चिकटलेली, ओढली तर सिमेंटचा पापुद्रा घेऊनच आली.

पुणेकर_४११०३०: म्हणजे पाणी मारणं चूक? सात दिवस पाणी मारल्याशिवाय स्लॅब पिकत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या सोसायटीत ठेकेदाराने चौथ्या दिवशी पाणी बंद केलं, गच्ची आजतागायत गळते. आणि तुम्ही म्हाताऱ्या माणसावर हसताय!

एडमंटनची सून: हसत नाहीये, चादर माझी होती. ओलावा टिकायलाच हवा, पण गोठणार असेल तिथे ब्लँकेटखाली. वरून पाणी पाजून भिजवलेलं काँक्रीट गोठलं की सोलतं.

पुणेकर_४११०३०: परदेशात गेलं की सगळे इंजिनीअर होतात. आमची गच्ची...

थंडोबा: धागा ऋतूचा आहे, गच्चीचा नाही!

गवंडीबुवा: बरं, मिठाचं मानलं. मग वसंतात टाकायचं म्हणता? बर्फ वितळताना रस्त्यांवर वजनाची मर्यादा येते. मिक्सर अर्धा भरून येतो आणि दोन खेपांचे पैसे लावतो. खालची जमीन पुरती उकललेली नसली, तर नंतर ओटा खचतो. काढा मुहूर्त!

थंडोबा: मेअखेर ते सप्टेंबर मध्य. फक्त त्या दिवसांत ठेकेदार फोन उचलत नाहीत, एवढं तुमचं मान्य.

गवंडीबुवा: उचलतात की. ऑक्टोबरात.