मदत हवी आहे: मुलीला घरीच शिकवायचं ठरवलंय, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, दुसरीच्या वयाची. यंदापासून तिला घरीच शिकवतोय. सासूबाईंना पहिली काळजी दहावीची! त्याची चौकशी केली आहे: एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयातून १४ वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं आणि राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवीचीही सोय आहे. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीच वापरतेय.

अडतंय ते रोजच्या शिकवण्यात. बेचाळीसातून सतरा काढायला सांगितले की काड्यांचा एक गठ्ठा सोडते, मोजते आणि बरोबर पंचवीस सांगते. तीच वजाबाकी वहीत उभी मांडली की उत्तर ३५! सातातून दोन वजा करून मोकळी होते. काड्यांवरून कागदावर आणायचं कसं? की अजून काही महिने काड्याच राहू द्याव्यात? मला घाई करायची नाहीये, कारण तिला आत्ता गणित मनापासून आवडतंय.

वाचन छान आहे, फक्त जोडाक्षरांना अडखळते.

ज्यांची मुलं घरीच शिकली त्यांनी कृपया सांगा: रोज साधारण किती वेळ बसवता? धाकटं भावंड मध्ये लुडबुड करत असेल तर काय करता? आणि शिकवल्याची नोंद कशी ठेवता? सातारा-कराड भागात कुणी असाल तर मुलांना महिन्यातून एकदा तरी भेटवूया का?