सॅक्सोफोनशिवाय ‘सेंट लुईस ब्लूज’ मैदानावर कसं आणायचं? (ड्रम कोअर)

मेलोफोनची_आई
नमस्कार मंडळी. माझं संगीतशिक्षण म्हणजे ठाण्यात चार वर्षं तबल्याचा क्लास, तोही आईच्या धाकाने. त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही ओहायोत डेटनला राहतो. लेक सतरा वर्षांची, मेलोफोन (ट्रंपेटच्या जातीचं, मधल्या पट्टीचं वाद्य) वाजवते आणि तिच्या डोक्यात सध्या ड्रम कोअर सोडून काही नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फक्त ब्रास (ट्रंपेटसारखी फुंकायची पितळी वाद्यं) आणि तालवाद्यं, सोबत झेंडेवाले, वय बावीसच्या आत. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, बारा-बारा तास तालीम आणि ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला फायनल. मागच्या वर्षी एका कोअरच्या जेवणाच्या ट्रकवर मी दोन आठवडे राबले. दीडशे पोरांसाठी पोहे करायचं धाडस केलं होतं, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तर लेक आणि तिच्या दोन मैत्रिणींनी इथल्या छोट्या हौशी गटासाठी दोन मिनिटांचा तुकडा लिहायला घेतलाय. पुढच्या महिन्यात छोट्या गटांच्या स्पर्धेत वाजवायचाय. २४ ब्रास, ड्रममध्ये ४ स्नेअर, १ टेनर, ३ बेस आणि पुढे थोडी पिट (एका जागी ठेवलेली तालवाद्यं). गाणं ‘सेंट लुईस ब्लूज’, कारण १९१४ चं आहे आणि परवानगीचे पैसे भरावे लागत नाहीत.

अडचणी तीन. एक, बिग बँडची (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाची) जी रेकॉर्डिंग ऐकून लिहितायत त्यात निम्मी मजा सॅक्सोफोनची आहे आणि कोअरच्या नियमाने सॅक्सोफोन घ्यायचा नाही. दोन, कागदावर स्विंग (जॅझची झुलती लय, एक सूर लांब तर पुढचा आखूड) आहे, पण काल तालमीचं रेकॉर्डिंग ऐकलं तर लेझीम चाललंय असं वाटलं. तीन, ट्रंपेटचा सोलो मुलाला मोकळा सोडायचा की लिहून द्यायचा, यावरून तिघींत दोन दिवस अबोला आहे.

दोन_वाल्ववाला
मेलोफोनची आई, मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मिडवेस्टमधल्या एका छोट्या कोअरमध्ये बॅरिटोन वाजवायचो. तेव्हा सगळी ब्रास वाद्यं जी (G) सुरातली ब्यूगल, आणि वाल्व (सूर बदलायच्या कळा) दोनच! तिसरा वाल्व १९९० मध्ये आला, इतर सुरांतली वाद्यं २००० पासून. आमच्या आजी सांगलीहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी वाद्य हातात घेऊन विचारलं होतं, “अर्धवट का दिलंय तुला?” सांगायचा मुद्दा, ते अर्धवट वाद्य घेऊनही कोअरवाल्यांनी जॅझ वाजवलं. ब्लू डेव्हिल्स या कोअरने १९७६ मध्ये पहिलं अजिंक्यपद घेतलं ते ‘चॅनल वन स्वीट’ वाजवून, म्हणजे जॅझ ड्रमर बडी रिचच्या बिग बँडचा तुकडा, आणि दहा वर्षांनी तोच तुकडा काढून पुन्हा जिंकले. तेव्हा सॅक्सोफोन नाही हे रडगाणं आधी बंद करा. 🙂

आता कामाचं. सॅक्सच्या पाच जणांची घट्ट सुरावट जशीच्या तशी मेलोफोन-बॅरिटोनवर उतरवाल तर चिखल होईल. पाच सॅक्स म्हणजे पाच माणसं. तुमच्याकडे एकेका ओळीवर चार-पाच जण, वर मोकळं मैदान. जवळजवळचे सूर आपसात घासतात आणि लांबून नुसतं ‘हूं’ ऐकू येतं. जलद ओळी सगळ्यांनी एकाच सुरात वाजवा, फार तर दोन भागांत. जाड हार्मनी राखून ठेवा लांब सुरांसाठी आणि शेवटच्या धडाक्यासाठी. शिवाय सॅक्सची बोटं जिथे सहज पळतात तिथे वाल्ववाल्याची जीभ दमते, म्हणून सहा सुरांच्या जागी चार ठेवले तरी चालतं. ऐकणाऱ्याला ओळीचा आकार कळतो, मणी कोणी मोजत नाही.

तुमच्या लेकीला एक गोष्ट मुद्दाम सांगा. जॅझवाल्या स्टॅन केंटनच्या बिग बँडमध्ये १९६० ते ६३ या काळात चार मेलोफोनियम होते, तिच्या वाद्याचे चुलतभाऊ. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन यांच्या मधली जागा भरायला त्याने ते आणले होते. कोअरमध्ये मेलोफोन नेमकं तेच काम करतो. केंटनचं संगीत मैदानावर इतकं छान बसतं (मॅडिसन स्काउट्स कोअरचं १९८८ चं ‘मालागेन्या’ ऐकवा तिला) त्याचं कारण ब्रासची ती भिंत. तिला म्हणावं, सॅक्सचा भाग ही उसनवारी समजू नकोस, ती मधली जागा तुझीच आहे.

आणखी एक. बिग बँडवाल्या ग्लेन मिलरने सैन्यातल्या बँडसाठी याच गाण्याचं मार्च करून घेतलं होतं, रे मॅकिन्ली, जेरी ग्रे वगैरे मंडळींकडून. सैन्यातल्या पोरांनी त्यावर पावलं टाकली आणि काही जुन्या लष्करी बँडवाल्यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. जरूर ऐका, पण उचलू नका. मूळ संगीतकार हॅंडीचं १९१४ चं छापील गाणं मोकळं आहे, म्हणून मिलरची मांडणीही मोकळी आहे असं होत नाही. स्पर्धेत परवानगीचे कागद मागतात.

स्विंगबद्दल आमच्या पॅराडिडलना बोलवा, मी नुसता फुंकणारा.

पॅराडिडल
आलो. लेझीम का वाटलं ते सांगतो. जॅझचा ड्रमर एकटा असतो. उजवा हात राईड सिंबलवर (टांगत्या मोठ्या झांजेवर) ‘डिंग, डिंगाडिंग’, डावा पाय हायहॅटवर (पायाने मिटणाऱ्या झांजांवर) दुसऱ्या-चौथ्या मात्रेला, उजव्या पायाखाली बेस, डावा हात मधेमधे टोमणे मारतो. हे चारही एकाच डोक्यातून येतं. तुम्ही ते आठ माणसांत वाटलंत, आणि माझी पैज, चारही स्नेअरना राईडचा ठेका दिलात! केव्हलारच्या (चिवट कृत्रिम धाग्याच्या) ताणलेल्या कातड्यावर चौघांनी एकदम तो वाजवला की पत्र्यावर गारा पडतात.

राईड पिटमधल्या एकाच सिंबलला द्या, ती व्यक्ती शहाणी निवडा. स्नेअरला फक्त टोमणे. दबका आघात तीन इंचांवरून, ठसठशीत नऊ-बारा इंचांवरून, मधलं काही नको. ही उंची कागदावर लिहायची, नाहीतर चौघांचे चार टोमणे होतात. बेस ड्रमना ‘किक’ (जॅझवाल्याचा पायाखालचा ड्रम) समजू नका, तिघांत वाटून सुरांची चाल द्या, ट्यूबाच्या (सगळ्यात खर्जातल्या ब्रासच्या) चालत्या ओळीला चिकटून.

आता पावलं. मार्चमध्ये डावा पाय एक आणि तीनवर पडतो, आणि मुलं नकळत तिथेच जोर देतात. जॅझचा जीव दोन आणि चारवर. तालमीत टाळी दोन-चारवर आणि डावं पाऊल एक-तीनवर, इतकंच दहा मिनिटं करवून घ्या. वाद्यं खाली ठेवून. आधी सगळं तोंडाने गायचं, ‘डू-डा, डू-डा, डाट!’ सगळ्यांच्या तोंडी अक्षरं सारखी आली की स्विंग सारखा होतो. स्वर कुठे घसरवणार असाल तर किती, तेही तेव्हाच ठरवा. आणि मधला १६ बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) उदास मायनर भाग आहे ना, हबानेराच्या (क्यूबातल्या नाचाच्या) चालीचा? तिथे स्विंग करूच नका, तो सरळ ठेवा. मग परत १२ बारच्या ब्लूजवर आलात की झुलणं दुप्पट जाणवतं.

गणित हवंच असेल तर हे घ्या. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाची रुंदी ५३ यार्ड आणि थोडं, म्हणजे साधारण ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढे यायला सेकंदाचे १४ शतांश लागतात. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या साडेसदतीस शतांशांची, तिचा तिसरा हिस्सा साडेबारा. म्हणजे मागच्याचा स्विंगमधला लहान सूर पुढच्याच्या मात्रेवरच येऊन बसतो. डू कोणाचा आणि डा कोणाचा, काही पत्ता लागत नाही. उपाय जुनाच: पुढच्यांनी मागून येणाऱ्या ड्रमलाइनचा आवाज कानात घेऊन वाजवायचं, समोरच्या संचालकाच्या हातवाऱ्यांकडे बघून नाही. आणि स्विंगचा भाग चालू असताना ब्रासला पांगवू नका. गोळा करून ठेवा, पांगापांग हबानेरात.

शुद्ध_निषाद
माफ करा, पण मोडता घालतो. स्नेअरची उंची इंचांत मोजायची, स्वर किती घसरायचा तेही ठरवायचं आणि वर त्याला जॅझ म्हणायचं? तोंडाने गाऊन, मोजून, मापून केलेली तान ही तान नसते हो. याला बँडबाजा म्हणा, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

दोन_वाल्ववाला
निषादराव, अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी बिग बँडवाल्यांच्या समोरचे कागद बघा. सॅक्सच्या रांगेतले पाच जण खांदे एका तालात हलवत लिहिलेलंच वाजवायचे, आणि त्याला जॅझ म्हणायला कोणी कचरलं नाही. स्वर किती घसरायचा हे आम्ही ठरवतो कारण चोवीस जण चोवीस ठिकाणी घसरले तर ती घसरण राहत नाही, चेंगराचेंगरी होते.

सोलोचं मात्र तुमच्या बाजूने बोलतो. मोकळ्या सोलोला नियम आड येत नाही, भीती येते. गुण शंभरातून देतात आणि दशांशाने हरतात, म्हणून बहुतेक जण सोलो उन्हाळ्याच्या सुरुवातीला गोठवतात. बाईंनी मधला मार्ग काढावा. १२ बार ब्लूज आहे, त्यात पहिले चार आणि शेवटचे चार लिहून द्या, मधले चार पोराचे. बाकीच्यांना त्या चार बारमध्ये जागचं हलवू नका आणि पिटला कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) नीट सांगा. चुकला तरी चारच बार. आणि आम्हाला उभं राहून टाळ्या वाजवायला लावलेत ते अशाच चार बारांनी.

पथकातला_पुणेकर
जॅझ ओ की ठो कळत नाही, पण ते आवाज उशिरा येण्याचं वाचून हसू आलं. लक्ष्मी रोडवर आमच्या पथकात पन्नासेक ढोल असायचे. मागची रांग कायम अर्धा हात मागे. सगळे ओरडायचे “मागचे झोपलेत!” मागचे बिचारे ताशाला बरोबर धरूनच वाजवत होते, त्यांना ताशाच उशिरा ऐकू येत होता. शेवटी ताशे पुढून काढून मधल्या रांगेत आणले आणि टोलवाला त्यांच्या शेजारी. तुमच्या लेकीला सांगा, आधी ताशे हलव, मग पोरांना शिव्या दे.

मेलोफोनची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीला हे सगळं इंग्रजीत समजावून सांगताना माझी दमछाक झाली. ‘टोमणे’ला शब्द सापडेना, शेवटी तिच्या आजीची नक्कल करून दाखवली. लगेच कळलं.

राईड एकीकडेच दिली, हे सगळ्यात आधी केलं आणि अर्धं लेझीम तिथेच गेलं. स्नेअरवाली पोरं नाराज आहेत, त्यांना वाटतंय त्यांचं काम काढून घेतलं. स्नेअर पुण्याच्या पद्धतीने मधोमध आणून पाहिले. पिटवाल्या म्हणतात आता बरं ऐकू येतंय, ट्यूबावाला म्हणतो कान फुटले. सॅक्सची ती लांब ओळ चार मेलोफोन एका सुरात वाजवतायत. पहिल्यांदा जमलं तेव्हा लेक वाद्य खाली ठेवून नुसती हसत उभी होती.

सोलोचे मधले चार बार मोकळे ठेवले. तो मुलगा सोळा वर्षांचा, लाजरा. पहिल्या दिवशी चारही बार एकच सूर वाजवला, म्हणाला घाबरलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच सूर, पण या वेळी सगळा दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, असा अडवून अडवून की टेनरवाली पोरगी मधेच “ओ!” ओरडली. तिघी मैत्रिणी आता बोलतायत. निषादराव, रेकॉर्डिंग पाठवू का? शनिवारी पुन्हा तालीम आहे, आणि पोहे मीच नेणार आहे.

शुद्ध_निषाद
पाठवा. ते चार बारच पाठवा, बाकी नको.