शिव्हलरीला मराठीत काय म्हणायचं? स्त्रीदाक्षिण्य पुरत नाहीये

टाकसाळ:
मध्ययुगीन फ्रेंच-इंग्रजी वीरकथांवरचा एक लांबलचक लेख मराठीत करतेय. 'शिव्हलरी', म्हणजे त्या काळच्या नाइटांची, घोडेस्वार वीरांची रीतभात, त्यात पानोपानी आहे. मी सुरुवातीपासून स्त्रीदाक्षिण्य लिहीत गेले, कारण आपण सगळे तेच म्हणतो, बसमधे उठून बाईला जागा दिली की स्त्रीदाक्षिण्य. मग आली १३५६ची प्वातिएची लढाई. इंग्लंडच्या ब्लॅक प्रिन्सने फ्रान्सच्या राजाला, दुसऱ्या जॉनला, पकडलं आणि त्याच रात्री त्याला स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं, शेजारी बसा म्हटलं तरी बसला नाही, एवढ्या मोठ्या राजाच्या पंगतीला बसायची माझी योग्यता नाही म्हणाला. त्या काळचा बखरकार फ्रॉयसार्ट, त्याने हे अगदी रंगवून लिहिलंय आणि माझा लेखक म्हणतो शिव्हलरी ती हीच. इथे स्त्री कुठाय? शौर्य म्हणावं तर ते दिवसा लढाईत होऊन गेलं. औदार्य मी आधीच दुसऱ्या शब्दासाठी खर्च केलंय. आणि लेखाच्या दुसऱ्या भागात एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कवी टेनिसन येतो, तिथे हाच शब्द परत बाईपाशी जाऊन थांबतो. दोन्हीकडे चालेल असा एक शब्द हवाय.
शिवाय 'कोर्टली लव्ह'चं, त्या कथांमधल्या नाइटाच्या थोर घरच्या बाईवरच्या प्रेमाचं, काय करू? दरबारी प्रेम लिहिलं की मला दरबारी कानडाच ऐकू यायला लागतो.

पैलतीर:
शिलेदारी. शेव्हाल म्हणजे फ्रेंचमधे घोडा, शेव्हालिए म्हणजे घोडेस्वार, आणि त्याची जी काही रीतभात ती शेव्हालरी. कॅव्हलरी हे त्याचंच भावंड. आपल्याकडे स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसायचा तो बारगीर. नाइटही स्वतःचा घोडा, स्वतःचं चिलखत घेऊन धन्याच्या हाकेला जायचा, बदल्यात जमीन मिळायची. याहून जवळचं काय पाहिजे?

रानजाई:
पैलतीर, घोड्यासाठी म्हणून शिलेदार आणलात पण त्या शब्दात घोडा नाही ना. सिलाह म्हणजे हत्यार, अरबी, त्याला फारसी दार. शिलेदार म्हणजे हत्यारवाला. व्युत्पत्तीनेच जायचं तर राऊत बघा, मूळ राजपुत्र, मराठीत अर्थ झाला घोडेस्वार.

पैलतीर:
व्युत्पत्तीत नसेना का, वापरात आहे. इंग्रजी नाइटमधे तरी कुठाय घोडा? जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोरगा, चाकर. जर्मनमधला त्याचा भाऊ क्नेख्ट अजून गडीच आहे, घोड्यावरच्याला तिकडे रिटर म्हणतात. चाकर या अर्थाचा शब्द वाढत वाढत राजा आर्थरच्या लान्सलॉटपर्यंत जाऊ शकतो तर हत्यारवाला घोड्यावर बसू शकतो. आणि राऊत आता आडनाव झालंय, वाचक अडखळेल.

ऐरण:
अरबी फारसी फ्रेंच जर्मन सगळं झालं, मराठीला काही स्वतःचं आहे की नाही? क्षात्रधर्म हा तयार शब्द आहे. शरण आलेल्याला मारू नये, निःशस्त्रावर वार करू नये, बायकामुलांना हात लावू नये, सगळं त्यात बसतं. ब्लॅक प्रिन्सही बसतो. परके शब्द घ्यायची घाई का असते आपल्याला तेच कळत नाही.

रानजाई:
ऐरण काका, शिलेदार परका म्हणायचा तर सरदार, फौज, किल्ला, तह सगळंच काढावं लागेल, मग मराठ्यांचा इतिहास कोणत्या भाषेत लिहायचा? आणि क्षात्रधर्माला माझी वेगळी हरकत आहे. क्षत्रिय जन्माने होतो. नाइट कोणीतरी *करावा* लागतो. राजाचा मुलगा असला तरी विधी होतो, कमरेला तलवार बांधतात, चर्चच्या रीतीने झालं तर आदल्या रात्री जागरण आणि प्रार्थना. पुढे पुढे नाइटाच्याच पोराला नाइट करायचं असं झालं हे खरं, पण विधी सुटला नाही. म्हणजे दीक्षा आहे, जात नाही.

ऐरण:
मग वीरदीक्षा म्हणा. किंवा वीरव्रत. शब्द आहेत, शोधायची इच्छा पाहिजे.

मोरपंख:
वीरव्रत मला खरंच आवडलं. मॅलरीच्या आर्थरकथांच्या इंग्रजी पुस्तकात (कॅक्स्टनने १४८५ला छापलं ते) आर्थर सगळ्या सरदारांकडून दर पेंटेकोस्टच्या सणाला शपथ घेववतो. खून-अत्याचार करायचा नाही, दगा द्यायचा नाही, दया मागेल त्याला द्यायची, बायकांच्या मदतीला जायचं, आणि अन्यायाच्या बाजूने पैशासाठी लढायचं नाही. एकाच शपथेत टाकसाळचा कैदी राजाही आला आणि बाईही आली. दरवर्षी नव्याने घ्यायची म्हणजे व्रतच ते.

पण स्त्रीदाक्षिण्य इतकं सहज टाकू नका. दाक्षिण्याला आपल्याकडे केवढा इतिहास आहे! संस्कृत काव्यशास्त्रात नायक चार प्रकारचे, अनुकूल, दक्षिण, शठ, धृष्ट. दक्षिण म्हणजे ज्याचं मन नवीकडे गेलंय पण जो जुनीशी वागण्यात काही कमी पडू देत नाही. कालिदासाचा अग्निमित्र मालविकेला सांगतो की दाक्षिण्य हे आमच्या घराण्याचं कुलव्रत आहे. म्हणजे राण्यांची मर्जी सांभाळणं. हाही दरबारच, हेही प्रेमच, हीही शिष्टाचाराची भाषा. मला तर वाटतं कोर्टली लव्हलाच दाक्षिण्य म्हणावं.

सांजदिवा:
मोरपंख, उलटं होतंय. दक्षिण नायक म्हणजे एक पुरुष, अनेक बायका, आणि सगळ्या त्याच्याच. फ्रेंच कथांमधे एक बाई, ती दुसऱ्याची बायको, आणि बहुतेक वेळा धन्याचीच. लान्सलॉट आर्थरचा सरदार आणि राणी ग्विनेव्हिअर आर्थरची. ट्रिस्टन तर राजा मार्कचा भाचा आणि इसोल्ड त्याची मामी. आपल्या शास्त्राने बघायचं तर ही परकीया. आन्द्रेआस कापेलानुसच्या प्रेमावरच्या लॅटिन ग्रंथात शॅम्पेनच्या काउंटेस मारीच्या नावाने ११७४ तारखेचा निवाडाच दिलाय की नवराबायकोत प्रेम असूच शकत नाही, कारण तिथे एकमेकांना द्यावंच लागतं, प्रेमात जे द्यायचं ते आपखुशीने.

आणि त्याच ग्रंथात शेतकरणीवर मन गेलं तर थोडी जबरदस्ती करायला हरकत नाही असाही सल्ला आहे. हे वाचून मला आजही राग येतो. बाईचा मान, बाईचा मान म्हणतो तो फक्त गढीतल्या बाईचा. तेव्हा *स्त्री*दाक्षिण्य हा शब्द त्या काळाला लावायलाच माझा विरोध आहे, सरसकट सगळ्या स्त्रिया त्यात नव्हत्याच.

टाकसाळ:
सांजदिवा, हे फार कामाचं आहे, थँक यू. कोर्टली लव्हबद्दल अजून एक. हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १८८३ला गास्तों पारी या फ्रेंच पंडिताच्या लान्सलॉटवरच्या लेखामुळे. दक्षिण फ्रान्सचे त्रूबदूर कवी, ज्यांनी हे सगळं सुरू केलं, ते आपल्या ऑक्सितान भाषेत म्हणायचे फिनामोर. फिन म्हणजे गाळून, तावून शुद्ध केलेलं, सोन्याला लावतात तसं विशेषण.

रानजाई:
मग बावनकशी प्रेम! सोन्याचाच शब्द आहे आणि प्रत्येकाला कळतो.

मोरपंख:
वा रानजाई, वा. हे मनापासून पटलं.

ऐरण:
बावनकशी प्रेम म्हटलं की वाचकाला निष्कलंक वाटणार, आणि गोष्ट आहे परक्याच्या बायकोची. अनर्थ होईल.

रानजाई:
पण त्या कवींचं म्हणणंच ते होतं ना काका, की हेच शुद्ध, लग्नातलं ते व्यवहाराचं. लग्नं तर जमिनीसाठी व्हायची. आपल्याला पटत नाही म्हणून त्यांचा शब्द बदलायचा का?

सांजदिवा:
त्रूबदूरांचा अजून एक शब्द सांगते, यावर खरी चर्चा व्हायला हवी. ते आपल्या बाईला मिदोन्स म्हणायचे. रूप पुल्लिंगी, अर्थ 'माझा धनी'. आपल्याकडे बायको नवऱ्याला धनी म्हणते, इथे पुरुष बाईला म्हणतोय. सरदार जमिनीच्या मालकापुढे गुडघे टेकून हात जोडतो, तेच सगळं उचलून बाईपुढे नेलं. तिचं रक्षण वगैरे मागाहून, आधी तिची चाकरी.

फ्रेंच कवी क्रेतियाँ द त्र्वाची लान्सलॉटची गोष्ट घ्या, ११८०च्या आसपासची, त्याच काउंटेस मारीसाठी लिहिलेली. राणीला पळवून नेलंय, लान्सलॉटचा घोडा मेलाय, एक बुटका गाडी हाकत येतो आणि म्हणतो बस, राणीचा पत्ता कळेल. ती गाडी गुन्हेगारांची धिंड काढायची. लान्सलॉट दोन पावलं चालेपर्यंत थांबतो आणि मग चढतो. पुढे तलवारीच्या पात्याच्या पुलावरून हातपाय रक्तबंबाळ करून तो राणीपर्यंत पोचतो आणि ती तोंड फिरवते. का? दोन पावलं का थांबलास म्हणून! अब्रूचा विचार प्रेमाच्या आधी आलाच कसा. आता याला दाक्षिण्य म्हणाल? दाक्षिण्य देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. इथे मर्जी तिची आहे.

पैलतीर:
मग तर शिलेदारीच ठरली. चाकरीचा शब्द आहे तो.

कोकणकडा:
मधेच येतोय. टेनिसनचं काय? टाकसाळला दोन्हीकडे चालणारा शब्द हवाय. टेनिसनने १८५९ला आर्थरच्या काव्यमालेतली पहिली चार काव्यं प्रसिद्ध केली, त्यातल्या ग्विनेव्हिअरमधे राणी मठात जमिनीवर पालथी पडलेली, आर्थर वर उभा राहून तिच्या पापामुळे राज्य कसं बुडालं ते सांगतो आणि देव जशी क्षमा करतो तशी मी तुला करतो म्हणतो. क्रेतियाँची राणी दोन पावलांचा जाब विचारते आणि टेनिसनची तोंडसुद्धा वर करत नाही. सातशे वर्षांत चाकरी जाऊन पालकत्व आलं. एक शब्द चालणारच नाही, चालवला तर वाचकाला फसवल्यासारखं होईल.

कॉलेजात टेनिसन शिकवताना आमच्या बाई हे आदर्श पतीचं औदार्य म्हणून सांगायच्या, मला तेव्हाही ते गळ्याखाली उतरलं नव्हतं.

ऐरण:
टेनिसन एवढा वाईट नाही हो. बायकोने मित्राशी संधान बांधून दगा दिल्यावर दुसऱ्या राजाने मान उडवली असती, आणि कायद्याने तिला जाळायचीच शिक्षा होती. हा क्षमा करतो. तेही शिव्हलरीच.

कोकणकडा:
कवी विल्यम मॉरिस वाचा. टेनिसनच्या एकच वर्ष आधी, १८५८. त्याची ग्विनेव्हिअर भर सभेत उभी राहून स्वतःची बाजू स्वतः मांडते. त्याच पिढीतला ब्राउनिंगही घ्या. जुनी गोष्ट आहे, राजाच्या सिंहांच्या पिंजऱ्यात एक बाई मुद्दाम हातमोजा टाकते, तिचा प्रेमी उडी मारून आणतो आणि तिच्याच तोंडावर फेकतो. ली हंट या कवीने सांगितली तेव्हा राजानेही म्हटलं बरोबर केलंस. ब्राउनिंगने १८४५ला तीच घेतली आणि तो विचारतो, बाईचं काय चुकलं? रोज म्हणत होता तुझ्यासाठी मरेन, तिने शब्द तोलून पाहिले. मोजा तोंडावर बसल्यावर ती शांतपणे दरबार सोडून जाते. मला या कवितेने जे शिकवलं ते सगळ्या समीक्षेने नाही शिकवलं.

मोरपंख:
नाही पटत. सिंहाच्या पिंजऱ्यात माणूस पाठवणं ही परीक्षा नव्हे, क्रौर्य आहे. त्या सिंहाला पकडताना आधीच किती माणसं गेली असतील हा विचार ती बोलून दाखवते खरी, पण म्हणून अजून एक पाठवायचा?

कोकणकडा:
तोच तर तिचा मुद्दा आहे मोरपंख! ज्यांनी तो सिंह पकडला त्यांना कोणी बघणारं नव्हतं, कोणी वाहवा करणारं नव्हतं. याला सगळा दरबार बघत असताना एक मोजा आणणं एवढं अवघड होतं का?

सांजदिवा:
मी कोकणकड्याबरोबर.

पैलतीर:
मोजा राहू दे, नाइटला काय लिहिताय टाकसाळ? देवनागरीत 'नाइट' लिहिलं की रात्र वाचतात. सरदार मला भारी वाटतो, एकट्या भटकणाऱ्या, अंगावर धड कपडे नसलेल्या नाइटला सरदार कसं म्हणायचं.

टाकसाळ:
सरदारच लिहिलाय आत्तापर्यंत. आर्थरचे 'गोलमेजाचे सरदार.' पण तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं की गोलमेज म्हटल्यावर १९३०ची लंडनची परिषद आठवते.

ऐरण:
मेज तरी कशाला? चौरंग, मंचक...

रानजाई:
मंचक म्हणजे पलंग हो काका! बारा सरदार पलंगावर बसवणार का? मेज चांगला रुळलेला शब्द आहे, फारसीतून आलाय.

कोकणकडा:
फारसी नाही, पोर्तुगीज. मेझा. आमच्याकडे गोव्याच्या बाजूला सगळे मेजच म्हणतात आणि तिथे मोगल आले नव्हते.

रानजाई:
फारसीत मेझ आहे आणि हिंदीत दिल्लीपर्यंत मेज चालतं, तिथे पोर्तुगीज कुठे गेले होते?

पैलतीर:
नाइटसाठी एक जोडून सांगतो. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय १८४२ला नाइट झाले, हिंदुस्थानातले पहिले, आणि त्याच साली टेनिसनचा तो कवितासंग्रह आला ज्यात आर्थरच्या मरणाची कविता आहे. आपल्या लोकांनी तेव्हा नाइटचं भाषांतर केलं नाही, नुसतं 'सर' लावलं. तसं सर लान्सलॉट लिहा आणि नाइट हा शब्दच टाळा.

टाकसाळ:
एकट्याचं नाव असेल तिथे सर चालेल. अनेकवचनाचं काय, 'सगळे सर जमले'? शाळा वाटेल.
बावनकशी प्रेम मी घेतेय, पहिल्यांदा येईल तिथे फिनामोर सांगून. पहिल्या भागात वीरव्रत की शिलेदारी ते अजून ठरत नाहीये. ब्लॅक प्रिन्सला वीरव्रत बसतं, लान्सलॉटच्या गाडीपाशी शिलेदारी. टेनिसनपाशी दाक्षिण्य ठेवावं असं कोकणकड्याचं वाचून वाटायला लागलंय, पण संपादक म्हणतात मूळ लेखकाचा मुद्दाच हा आहे की शब्द तोच राहिला आणि आतलं बदललं, तर मराठीतही तोच राहिला पाहिजे.

सांजदिवा:
संपादकांचं बरोबर आहे. मग शिव्हलरीच लिहा देवनागरीत, तिन्ही ठिकाणी.

ऐरण:
म्हणजे शेवटी इंग्रजीच. एवढी वीरव्रताची चर्चा कशाला केली मग?

पैलतीर:
इंग्रजी नाही काका, फ्रेंच. आणि शिव्हलरी का, मुळाप्रमाणे शेव्हालरी लिहा.

रानजाई:
मराठीत श ने कोणी म्हणतं का पण? आमच्याकडे सगळे चिव्हलरी म्हणायचे, सरसुद्धा.

कोकणकडा:
इंग्रजांनीही एके काळी च नेच म्हटलंय. जुन्या फ्रेंचमधे तो च होता, चेअर आणि चेंबरमधे तसाच राहिला. चिव्हलरी म्हणणाऱ्यांना हसू नका.