शब्दचर्चा: गाळातून वायू सुटतो, त्याला म्हणायचं काय?

भुसावळकर
शाळेच्या हस्तलिखितासाठी धरणातल्या मिथेनवर दीड पान लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. उन्हाळ्यात हतनूर धरणाचं पाणी मागे सरलं की चांगदेवच्या बाजूला उथळ पाण्यात बुडबुड्यांच्या माळा दिसतात. बरीच वर्षं मी समजत होतो खाली मासा आहे. असतो तो गाळात तयार झालेला वायू, त्यात बराचसा मिथेन. या सुटण्याला इंग्रजीत एबुलिशन म्हणतात. एका मित्राने 'उत्क्वथन' सुचवलं. क्वथन म्हणजे उकळणं. मुलं विचारणार, सर, पाणी उकळतं का? मे महिन्यात भुसावळला हा प्रश्न अगदीच वेडा नाही म्हणा, पण इथे वाफेचा संबंध नाही. शब्द सुचवा.

अमळनेरकर
'बुडबुडे येणे' लिहा की. सोपं ते सोडून संस्कृत कशाला?

भुसावळकर
चाललं असतं, पण मिथेन वर यायच्या दोन वाटा आहेत आणि माझं सगळं दीड पान त्या फरकावर उभं आहे. एक वाट पाण्यात विरघळून, हळूहळू. तिला पाठ्यपुस्तकात 'विसरण' म्हणतात (आणि दरवर्षी कुणीतरी 'सर, विसरलो' हा विनोद करतंच). त्या वाटेवर, गाळाच्या अगदी वरच्या थरात जिथे थोडा ऑक्सिजन पोचतो, तिथे मिथेनवर जगणारे जीवाणू बसलेले असतात. बराच माल तिथेच संपतो. दुसरी वाट बुडबुड्याची. तो हे जकात नाकं चुकवून थेट हवेत जातो. पाणी खोल असेल तर चढता चढता विरघळतो, दोन-तीन मीटर पाण्यात तेवढा वेळ त्याला मिळत नाही. त्यात धरणाची पातळी उतरली की गाळावरचा दाब कमी होतो आणि अडकलेला वायू एकदम मोकळा होतो. म्हणून 'विसरण'समोर उभा राहील असा, त्याच वजनाचा शब्द हवा.

चोपडेकर
उमाळा.
आज तो मायेचा आणि रडण्याचाच उरलाय, पण मूळचा पाण्याचा. झऱ्याचं पाणी तळातून उसळून वर येतं तो उमाळा. आत दाबून राहिलेलं, धरवेनासं झालं की एकदम वर येणारं, मग थोडा वेळ शांत. तुम्ही वर्णन केलंत ते हेच. विसरण सतत चालतं, उमाळा मधूनच येतो.

अमळनेरकर
'हतनूरच्या गाळाला उमाळा आला' हे वाचून डोळे पुसावेसे वाटतात. शिवाय झऱ्याच्या उमाळ्यात पाणी येतं, वायू कुठे?

चोपडेकर
मग 'वायूचा उमाळा' म्हणा. रडण्याच्या उमाळ्यात तरी पाणी आधी कुठे असतं? आधी छातीत दाब, पाणी नंतर.

धुळेकर
नकाणे तलाववर म्हतारा मानसं सरळ म्हनतस, 'गारा पादस', म्हणजे चिखल पादतो.
हसू नका, शास्त्र कुठे चुकलंय? बिनहवेचं पचन आणि मग वायू. गोबरगॅसच्या टाकीत दुसरं काय होतं?

यावलकर
धुळेकरांशी सहमत, एका दुरुस्तीसह. मिथेनला वास नसतो. काठावर कुजक्या अंड्यासारखा येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.
भुसावळकर, लेखात 'मिथेन तयार करणारे जीवाणू' लिहिलं असेल तर खोडा. ते आर्किया. १९७७ पासून जीवाणूंपासून वेगळा गट मानले जातात. 'मिथेनजनक' म्हणा, भांडणच मिटतं. त्यांचा नंबर शेवटी लागतो, हेही लिहा: निरनिराळे सूक्ष्मजीव आधी गाळातला ऑक्सिजन संपवतात, मग नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट, आणि सगळे जेवून उठले की उरलेल्यावर हे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून सल्फेटवाल्यांची पंगत लवकर उठत नाही. गोड्या पाण्यात ती पटकन उठते. तलाव-धरणांच्या गाळात मिथेन जास्त का, त्याचं उत्तर एवढंच आहे.
आणि कृपा करून 'अवसाद' लिहू नका. तो हिंदी पुस्तकांतून येतो. मराठीत अवसाद म्हणजे खिन्नता. आपल्याकडे खडकसुद्धा 'गाळाचे' असतात. 'गाळपेर' हा शब्द ज्या भाषेत आहे तिला गाळासाठी उसनवारी कशाला? धरण उतरलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पेरायचं, ती गाळपेर. म्हणजे ज्या महिन्यांत उमाळे जोरात, त्याच महिन्यांत शेजारी कलिंगड.

अमळनेरकर
'उमाळे' असं अनेकवचन केलंत, म्हणजे शब्द रुळला म्हणायचा. हरलो.
जाता जाता: मिथेनचा आणि मेथीचा संबंध नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका. नावात ग्रीक 'मेथी' आहे खरा, पण तो मद्याचा, आणि तो आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. 'मिथिल' हे नाव लाकडापासून मिळणाऱ्या अल्कोहोलसाठी घडवलं, त्यावरून मिथेन. दलदलीतल्या वायूच्या नावात मध!

चोपडेकर
व्होल्टाने १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवराच्या काठी काठीने गाळ ढवळून हाच वायू बाटलीत धरला होता. तेव्हा या नावाचा पत्ताही नव्हता. हतनूरला मुलांना न्याल तर काठी न्या, काडेपेटी नको.

भुसावळकर
ठरलं. वाक्य असं केलंय: 'एरवी मिथेन गाळातून विसरणाने झिरपतो, पाणी उतरलं की त्याचे उमाळे येतात.' खाली तळटीप देणार नाही, मुलांना कळेल.

धुळेकर
मंग आमना शब्दनं काय व्हयनं?

भुसावळकर
तो वर्गात तोंडी सांगणार आहे.