इंग्लंडला सायकल क्लबच्या दिवसभराच्या राइडला जायचंय, झेपेल का?

मेहरूण_पेडल (जळगाव):

राम राम मंडळी. वय ५६, दुकान पोराच्या हवाली केलंय, आता सकाळची सायकल हाच मेन धंदा. रोज मेहरूण तलावाकडे चक्कर, रविवारी ग्रुपसोबत पद्मालय नाहीतर मुक्ताईनगरकडे. पोरगी-जावई इंग्लंडात चेल्टनहॅमला असतात, जूनच्या शेवटी आम्ही नवराबायको जाणार आहोत तिकडे. जावयाच्या ऑफिसातला एक गोरा तिथल्या सायकल क्लबात आहे, तो म्हणे पाठवा सासऱ्यांना रविवारच्या राइडला, ५० मैल, मध्ये कॅफेत थांबतो, संध्याकाळपर्यंत घरी. जावयाने मला न विचारता हो सांगून टाकलं. जावई पडला, काय बोलणार.

आता ८० किमी मी करतो, पण तापीकाठच्या सपाटीवर, आणि मे महिन्यात तर पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरात, नाहीतर मेंदू शिजतो. हे लोक निघतातच सकाळी नऊला! अ‍ॅव्हरेज १२-१३ मैल म्हणतात, म्हणजे ताशी २० किमी धरा. सायकल इथून न्यायची की तिकडे भाड्याने? हेल्मेट, लायसन, इन्शुरन्स काय लागतं? मी शुद्ध शाकाहारी, अंडं पण नाही. आणि आमच्या सौं.चा प्रश्न असा की हे मागे पडले, चुकले तर काय, कारण माझं इंग्रजी गिऱ्हाईकापुरतंच.

धुळेकर_सेव्हर्नकाठी:

काय भो, बरं शे ना? मी मूळ धुळ्याचा, बरीच वर्षं ग्लॉस्टरला, म्हणजे चेल्टनहॅमच्या शेजारीच, आणि अशा राइडला नेहमी जातो. जरूर जा. पण ५० मैलांचा आकडा बघू नका, चढ किती ते विचारा. चेल्टनहॅम बसलंय कॉट्सवोल्ड डोंगराच्या पायथ्याला, ह्या डोंगराची पश्चिमेची बाजू एकदम उभी कड आहे आणि पूर्वेकडे तो हळूहळू उतरत जातो, त्यामुळे शहरातून पूर्वेला कुठेही निघालात की अंगात ऊब यायच्या आत चढ सुरू. सगळ्यात उंच क्लीव्ह हिल, ती पण ३३० मीटर, ऐकायला काहीच नाही वाटत. आपण कन्नड घाट चढतो तेव्हा एकदा गिअर लावला की टुकूटुकू वर, आणि मग झालं. इथं तसं नाही, एक किलोमीटर उभा चढ, लगेच उतार, खाली ओढ्यावर पूल, परत चढ, असं दिवसभर, ८० किमीत हजारेक मीटर चढाई कधी होते कळत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या (तिथल्या सरकारी नकाशा खात्याच्या) नकाशात रस्त्यावर बाण काढलेले असतात, एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याच्याही वर. रूटवर दोन बाण दिसले तर उतरून चालायची लाज बाळगू नका, गोरे पण चालतात.

सायकल भाड्यानेच घ्या, विमानाची कटकट नको. स्वतःचे पेडल, शूज आणि सीटच्या उंचीचं माप घेऊन या. लायसन लागत नाही. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण क्लब बहुतेक घालायलाच लावतात. इन्शुरन्सचं विचारून ठेवा, सायकलिंग यूके नावाची १८७८ पासूनची संस्था आहे, तिच्या मेंबरशिपमध्ये थर्ड पार्टी कव्हर येतं. पाहुण्याला एक-दोन राइड तशाच करू देतात बरेच क्लब. डावीकडूनच चालवायची, तो एक ताप नाही. पण राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, आणि तिथं ते खरंच पाळतात, आपल्यासारखं ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता नाही.

रस्त्यांचं मात्र नीट ऐका. गावातून गावात जाणाऱ्या ज्या लेन आहेत त्या जेमतेम एका गाडीच्या रुंदीच्या, दोन्हीकडे डोक्याच्या वर कुंपणाची झाडी, वळणापलीकडचं काही दिसत नाही, आणि पांढऱ्या गोलात काळा तिरका पट्टा दिसला की समजा तिथं गाडीला ताशी ६० मैलांपर्यंत परवानगी आहे. जुलैत गवत कापणीचे ट्रॅक्टर पण असतात. म्हणून ग्रुपमध्ये ओरडून सांगायची पद्धत आहे, मागून गाडी, पुढून गाडी, खड्डा. पण कार अप आणि कार डाऊन ह्या आरोळ्यांचा अर्थ प्रत्येक क्लबात वेगळा असतो हे लक्षात ठेवा, निघायच्या आधी विचारून घ्या. दोघं शेजारी-शेजारी चालवली तर चालतं, २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड (तिथली रस्त्याची नियमावली) बदलला त्यात ते स्पष्ट केलंय, आणि ओव्हरटेक करताना गाडीवाल्याने सायकलपासून निदान दीड मीटर लांब राहावं हेही. घोडेस्वार दिसले (खूप दिसतात) की घंटी वाजवायची नाही, घोडा बिचकतो, लांबूनच हॅलो म्हणायचं आणि हळू, मोठं अंतर ठेवून जायचं. शेतातली फूटपाथची (फक्त पायी जायच्या वाटेची) पाटी असेल तिथं सायकल नाही न्यायची, ब्रायडलवे (घोड्यांची वाट) असेल तर चालते.

मागे पडायची काळजी वहिनींना करू देऊ नका. नो-ड्रॉप राइड आहे का तेवढं आधी विचारा. असेल तर शेवटी एक जण मुद्दाम मागे राहतो, प्रत्येक फाट्यावर सगळे गोळा होईपर्यंत थांबतात. आणि नऊला निघण्याचं म्हणाल तर जुलैच्या सुरुवातीला रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई कशाला.

भुसावळ_यार्ड:

राइडचं ह्यांनी सांगितलंच, मी माझ्या कामाचं सांगतो. चेल्टनहॅम रेसकोर्सपासून ब्रॉडवेपर्यंत जुनी रेल्वे हौशी लोकांनी परत चालू केलीय, वाफेचं इंजिन, २०१८ पासून थेट ब्रॉडवेपर्यंत जाते. विंचकम, टॉडिंग्टन ही तिचीच स्टेशनं. तुमचा रूट तिकडून असेल तर रुळाजवळून जातोच. वडील भुसावळला लोकोत होते त्यामुळे मी तर सायकल भिंतीला लावून इंजिनाजवळच उभा राहिलो असतो, राइड गेली खड्ड्यात. सौं.ना त्या दिवशी ट्रेनने पाठवा, ब्रॉडवेला भेटा, दोघांचा दिवस सार्थकी.

रावेर_केळीवाला:

५० मैलांत गोरे निदान दोन-दोन केळी खातील बघा, खिशात घेऊनच निघतात. पण ती आपली नसतात भाऊ, इक्वेडोर, कोलंबिया, कोस्टारिका असल्या ठिकाणची. जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळूनही तिथल्या दुकानात आपला घड काही दिसत नाही, माझ्या डोक्यात जातं ते. तुम्ही तिथं बसून सांगा त्यांना आमच्याकडे सावदा-रावेरात नजर जाईल तिथं केळीच केळी म्हणून.

खायचं म्हणाल तर तुपातले लाडू, पेढे काही नेऊ नका, दूध-तुपाचे पदार्थ इथून तिकडे नेता येत नाहीत. शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याची वडी, केळी वेफर्स न्या. कॅफेत टोस्टवर बीन्स मिळतात, गोडूस लागतात, पण पोट भरतं, शिवाय सालासकट भाजलेला मोठा बटाटा चीज घालून. केकमध्ये अंडं असतंच, स्कोनमध्ये (छोट्या गोडसर पावात) असतं-नसतं, विचारून घ्या. पबमध्ये नळाचं पाणी फुकट मागता येतं, त्यांना द्यावंच लागतं, बाटली भरून घ्यायची.

शहादा_सातपुडा:

मला सगळ्यांचं पटलं पण पहिलीच राइड ५० मैलांची नको, काका. क्लबांत बहुतेक दोन-तीन ग्रुप असतात, हळूवाला २५-३० मैलांचा असेल तो आधी करा. जळगावची सपाटी वेगळी, आमच्याकडे तोरणमाळचा सातपायरी घाट चढलाय का कधी? जायच्या आधी तो एकदा करून बघा, पायात किती दम आहे कळेल.

आणि काकूंना घेऊन ब्रिस्टॉल-बाथचा जुना रेल्वेमार्ग करा. रूळ काढून सायकलचा रस्ता केलाय, १३ मैल, गाड्या नाहीत, रेल्वेचाच चढ असल्यामुळे चढ जवळपास नाहीच, इंग्लंडातलं सायकल नेटवर्क तिथूनच सुरू झालं. चेल्टनहॅमहून ब्रिस्टॉलला थेट ट्रेन आहे, फक्त सायकलची जागा आधी बुक करा. सायकल तिथंच भाड्याने घेतली तर ती पण भानगड नाही.

ताप एकाच गोष्टीचा, गवताच्या परागांचा. जून-जुलैत शिंका-डोळे सुरू होतात काहींना, ऍलर्जी असेल तर गोळी खिशात ठेवा. कडेला उभं राहून झाडीत हात घालू नका, नेटल्स लागली की खाजकुयली लागल्यासारखी आग होते.

मेहरूण_पेडल:

वा मंडळी, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. तोरणमाळ करतो, ग्रुपात दोघं तयार आहेत. दोन शंका. एक, ऊन किती? सौ. म्हणतात स्वेटर घाला, जावई म्हणतो हीट वेव्ह आहे. दोन, भाड्याच्या सायकलीला कुठले गिअर मागू?

धुळेकर_सेव्हर्नकाठी:

हीट वेव्ह म्हणजे २८-३० अंश हो, आपल्याकडे त्या तापमानाला लोक दिवाळीची खरेदी करतात. २०२२ च्या १९ जुलैला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्सबीला ४०.३ झालं होतं तेव्हा देश हादरला होता, त्याआधी तिथं कधी ४० ओलांडलंच नव्हतं. एरवी जुलैत दुपारी २०-२२. तुम्हाला सकाळी थंडी वाजेल आणि गोरे बिनबाह्यांच्या कपड्यात असतील. स्वेटर नको, हातात चढवायच्या बाह्या आणि घडी होऊन मागच्या खिशात बसेल असं वाऱ्या-पावसाचं जॅकेट घ्या, पाऊस दिवसातून कधीही येतो.

गिअरला दुकानात सरळ सांगा पुढे पेडलजवळची छोटी चेनरिंग ३४ दात्यांची आणि मागे सगळ्यात मोठं दातेरी चाक ३४ चं पाहिजे, ३२ पण चालेल, त्याखाली घेऊ नका. आणि राइड स्नोशिल गावावरून असेल तर ब्रॉडवेपासून वरपर्यंत चढच आहे, पण वर लव्हेंडरची शेतं, जुलैत सगळं जांभळं. गावातली घरं मधाच्या रंगाच्या चुनखडीची, आपला काळा दगड बघायची सवय असलेल्याला तो पिवळेपणा आधी खोटाच वाटतो. फोटो काढायला थांबायचं तर मागच्या माणसाला सांगून थांबा.

मेहरूण_पेडल:

३४-३४ लिहून घेतलं. जावयाला सांगतो त्या गोऱ्याला विचारून ठेव, हळूवाला ग्रुप कुठल्या रविवारी निघतो ते.